लॉस्ट: निक्की-पाउलोचा भाग सोडून देऊ नका (स्पॉयलर आहेत)

मृगबहार

ज्यांनी लॉस्ट, म्हणजे विमान पडून बेटावर अडकलेल्या लोकांची ती अमेरिकी मालिका, अजून पाहिली नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळं फोडलेलं आहे.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या धाग्यावर कोणीतरी लिहिलं की तिसऱ्या सीझनचा चौदावा भाग, ‘एक्स्पोझे’, सरळ सोडून द्या, काही अडत नाही. खाली बऱ्याच जणांनी होकार भरला. तिथे मी काही बोलले नाही, पण चार दिवस ते डोक्यातून जाईना. म्हणून हा वेगळा धागा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. निक्की आणि पाउलो ही विमान पडल्यावर वाचलेल्यांपैकी दोघं. पहिले दोन सीझन ती कुठेच नव्हती. 2006 च्या ऑक्टोबरात एकदम किनाऱ्यावर दिसली आणि पहिल्या दिवसापासून तिथेच असल्यासारखी बोलायला लागली. लोक चिडले, आणि ते चिडणं मला समजतं. मग 28 मार्च 2007 ला हा एक अख्खा भाग त्यांच्यावर आला आणि त्याच भागात ती दोघं गेली.

निक्की एका टीव्ही मालिकेत पाहुणं काम करणारी नटी. पाउलो त्या मालिकेच्या निर्मात्याकडे आचारी म्हणून शिरलेला. दोघं सिडनीत त्या निर्मात्याला विष घालतात, ऐंशी लाख डॉलरचे हिरे उचलतात आणि नेमकं तेच विमान पकडतात. बेटावर हिरे हरवतात. पाउलोला ते सापडतात, पण तो सांगत नाही. हिरे हाती आले की ही आपल्याला सोडून जाईल, ही त्याची भीती. तिला कळतं तेव्हा ती त्याच्या अंगावर मेडूसा कोळी टाकते. तो चावला की आठ तास माणूस लाकूड होतो, ठोके इतके मंद की मेला असंच वाटावं. पाठोपाठ तिलाही कोळी चावतो. किनाऱ्यावरचे लोक दोघांना मेलेलं समजून पुरतात. वाळू पडत असताना निक्कीचे डोळे उघडतात, त्यावर पुढचं फावडं येतं, आणि भाग संपतो.

सगळे म्हणतात, ही दोघं कोणाच्या ओळखीचीही नव्हती, त्यांच्यावर अख्खा भाग कशाला? माझं म्हणणं असं की ती ओळखीची नव्हती म्हणूनच मेली, आणि हा भाग तेवढंच सांगायला बनवला आहे. निक्की धडपडत येते आणि वाचलेल्यांपैकीच हर्ली-सॉयरसमोर कोसळते. सॉयरला तिचं नावही माहीत नसतं. ऐंशी दिवस एकाच किनाऱ्यावर राहून! ती कशीबशी एक शब्द बोलते, ‘पॅरालाइज्ड’, म्हणजे लुळी पडलेय. त्यांना ऐकू येतं ‘पाउलो लाइज’, म्हणजे पाउलो खोटं बोलतो. झालं, त्या चुकीच्या ऐकलेल्या शब्दावरून तपास सुरू होतो. तंबू उचकतात, वॉकीटॉकी सापडतो, ‘अदर्स’चा, म्हणजे बेटावर आधीपासून राहणाऱ्या लोकांचा, संशय येतो. सगळा दिवस कोणी मारलं यात जातो आणि दोघं शेजारी पांघरुणाखाली पडलेली असतात. व्हिन्सेंट कुत्रा ते पांघरूण ओढत राहतो. त्याला कळलेलं असतं. माणसं त्याला हाकलतात.

पुरताना हर्ली दोन शब्द बोलतो, आणि सुरुवातच अशी करतो की मी तुम्हाला फारसं ओळखत नव्हतो. किती सरळ माणूस आहे तो. मी तिथे दर वेळी रडते.

पऱ्हाटी

मृगबहार ताई, राग नका मानू. पन मले हा भाग तवाबी पटला नाई अन् आताबी नाई.

आदल्या आठवड्यात काय दाखवलं व्हतं आठवा. वाचलेल्यातला थो लॉक विमान पडायच्या आंधी व्हीलचेअरवर कसा आला थे. सख्ख्या बापानं आठव्या मजल्यावरून ढकललं, अन् शेवटच्या मिनिटाले थोच बाप बेटावर बांधून ठेवलेला! मले हॉस्टेलवर एका पोट्ट्यानं हार्ड डिस्क देल्ली व्हती, रातच्या दोन वाजता हे पाह्यलं. पुढचा भाग लावला तं काय, निक्की-पाउलो. मालिका पाहनाऱ्याले असं ताटकयत ठेवणं मले बरोबर वाटत नाई.

अन् दुसरं. दोन माणसं मेली का जिती हे कोनी नीट पाह्यत नाई? आमच्या इकडं म्हातारा गेला तं चार जनं नाडी पाह्यतात, नाकासमोर सूत धरतात. असं कोनी पुरते का? लिवनाऱ्याले मारायचे व्हते म्हून मारले.

धुरा

पऱ्हाटी यांच्याशी सहमत, थोडी भर घालतो.

तो काळच मालिकेसाठी वाईट होता. कधी संपवायचं हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे गोष्ट ताणली जात होती. त्याच फेब्रुवारीत जॅकच्या, म्हणजे वाचलेल्यांतल्या डॉक्टरच्या, गोंदणावरचा भाग आला होता, तो तर मालिकेचे कट्टर चाहतेही आठवत नाहीत. मे 2007 मध्ये जाहीर झालं की अजून 48 भाग होतील आणि 2010 ला संपेल. त्यानंतर चौथा सीझन किती बांधीव झाला ते बघा. एक्स्पोझे त्या आधीच्या, रस्ता सापडत नसतानाच्या दिवसातला आहे. इतर प्रवासी काय करतात असं लोक विचारत होते म्हणून ही जोडी आणली आणि लोकांना आवडली नाही म्हणून पुरली, हे निर्मात्यांनी स्वतः कबूल केलेलं आहे. चुकीची दुरुस्ती म्हणा. दुरुस्तीला कलाकृती म्हणणं मला जड जातं.

वडसावाला

मी ताईंच्या बाजूने, पण माझं कारण वेगळं आहे.

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडता संपतं. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या, दिवसात वडशाहून कंपन्यांच्या गाड्या गावोगाव जातात. लहानपणापासून मी ही नाटकं पाहत आलो. त्यात मूळ कथा बाजूला ठेवून मध्येच दोन नट पंधरा-वीस मिनिटं मंच ताब्यात घेतात. काही लोक तेव्हा चहाला उठतात. पण सकाळी घरी जाताना बाया-माणसं ज्याची आठवण काढतात तो पुष्कळदा तोच तुकडा असतो, कारण तो स्वतःत पुरा असतो.

एक्स्पोझे तसा पुरा आहे. सुरुवात आठवा. निक्की नाचते, पळते, कट उलगडते, गोळी लागून मरते, आणि मग ‘कट’ असा आवाज येतो. ते शूटिंग होतं. निर्माता म्हणतो, तुझं पात्र परत जिवंत करू. ती म्हणते, मी पाहुणी आहे आणि पाहुण्या कलाकाराचं शेवटी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत ती मेल्याचं सोंग करते आणि लोक टाळ्या वाजवतात, आणि शेवटच्या पाच मिनिटांत ती जिवंत असते आणि लोक माती लोटतात. बेचाळीसेक मिनिटांत इतकी घट्ट बांधलेली गोष्ट त्या मालिकेत दुसरी दाखवा.

धुराभाऊ, घाईत केलेली दुरुस्ती असली तरी काय झालं? आमच्याकडे एकदा ऐन वेळी नट आजारी पडला, पेटीवाल्यानेच भूमिका केली. अजून तोच प्रयोग लोक सांगतात.

मृगबहार

पऱ्हाटी दादा, राग कसला. तुमच्या दुसऱ्या मुद्द्यालाच उत्तर द्यायचं आहे. ‘असं कोनी पुरते का?’ मीसुद्धा पहिल्यांदा पाहिला तेव्हा अगदी हेच म्हटलं होतं. तेव्हा मी बारावीत होते, आणि मलाही तो भाग थिल्लर वाटला होता.

आमचं गाव वरूड तालुक्यात. संत्र्याची बाग आणि थोडी कपाशी. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये निंदणाला मेळघाटातलं एक कोरकू जोडपं आलं होतं. शेतातल्या खोलीत राहायचे, खाली जमिनीवर झोपायचे. आम्ही त्याला ‘मेळघाटवाला’ म्हणायचो. घरातल्या एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. बाबांच्या वहीतसुद्धा ‘मेळ. 2’ असं लिहिलेलं होतं.

एका पहाटे त्याची बायको आरडत आमच्या अंगणात आली. बाबा आणि काका गेले. तो चटईवर पडलेला, पापण्या मिटलेल्या, हात उचलून सोडला तर धपकन खाली. रात्री पोटात दुखतं म्हणत होता एवढं तिच्या मोडक्या मराठीतून कळलं. अंगावर कुठे चावल्याची खूण नाही. आजूबाजूचे जमले, एक जुने जाणते म्हातारे म्हणाले, गेला. पाहिली ना नाडी. सूतही धरलं असेल. लोकांनी टोप्या काढल्या. ती मात्र त्याच्या तोंडाजवळ बसून तेच तेच दोन-तीन शब्द कोरकूत बोलत होती. आम्हाला वाटलं, आक्रोश करतेय. दोन बायांनी तिला धरून बाजूला केलं. त्या दोघींतली एक माझी आई होती.

आमच्या गावचा गुराखी तरुणपणी धारणीकडे राहिलेला. तो गुरं घेऊन जाताना थांबला आणि म्हणाला, अहो ती म्हणून राहिली की याच्या डोळ्यातून पाणी येते आहे.

मग धावाधाव. तालुक्याच्या दवाखान्यात तेव्हा व्हेंटिलेटर नव्हता. तोंडावर मास्क ठेवून हाताने तो हवेचा फुगा दाबत अमरावतीपर्यंत नेलं, माझा काका आणि एक वॉर्डबॉय आळीपाळीने दाबत होते. मण्यार चावली होती. सहा दिवस मशिनवर होता. वाचला.

परत आल्यावर त्याने सांगितलं की त्याला सगळं ऐकू येत होतं. ‘गेला’ म्हटलेलंही. बायकोला ओढून नेलेलंही.

त्यानंतर एका रात्री मी तो भाग पुन्हा लावला. निक्की ‘पॅरालाइज्ड’ म्हणते आणि ते ‘पाउलो लाइज’ ऐकतात, तिथे मी थांबवला आणि बराच वेळ पुढे नेऊ शकले नाही. शब्द बोलला गेला होता, पण ऐकणाऱ्यांपैकी कोणाचीच तिच्याशी इतकी ओळख नव्हती की तिला काय म्हणायचं असेल ते समजावं. आणि किनाऱ्यावर डॉक्टरही नव्हता. जॅक तेव्हा अदर्सकडे होता. केट, सईद, लॉक त्याच्या मागे गेलेले. लिहिणाऱ्यांनी डॉक्टर नसलेलाच दिवस निवडला. खेड्यात तसे दिवस बरेच असतात.

त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, पण आता मला ते माहीत आहे, आणि वहीतही आहे.

रातपाळी

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. मालिका अर्धीच पाहिली आहे, पण मण्यारीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मृगबहार यांनी लिहिलं ते शब्दशः असंच असतं. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दात बारीक, वेदना नाही, सूज नाही, कित्येकदा खूण सापडतच नाही. पेशंट पहाटे पोटदुखी घेऊन येतो किंवा घसा धरला म्हणतो, आणि नवीन माणूस त्याला ॲसिडिटीचं औषध देतो. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान धरवत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. विष नसांकडून स्नायूंकडे जाणारा निरोप तोडतं. मेंदू जागा असतो. डोळ्यावर बॅटरी मारली तर बाहुलीही हलत नाही, म्हणून शिकलेले लोकसुद्धा फसतात. सुरुवातीलाच आठ-दहा व्हायल सर्पविषरोधक द्यावं लागतं, आणि श्वास कृत्रिम चालू ठेवला तर काही दिवसांनी नसांची टोकं पुन्हा काम करू लागतात.

त्या मालिकेतला कोळी मात्र कल्पनेतला आहे. कोळ्याला भिऊ नका. चटईवर झोपणाऱ्याला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी द्या. पावसाळ्यात सकाळी कोणाला कारण नसताना पोट दुखलं आणि डोळे उघडत नसले तर साप चावला असं समजा आणि दवाखान्यात निघा. आणि अशा पेशंटशी बोलत राहा. आम्ही बोलतो. नाव घेऊन.

पऱ्हाटी

ताई, वाचून गप बसलो दोन दिवस.

नाडीबद्दल म्या बोल्लो थे मांगे घेतो. माह्या चुलत्याच्या शेतातबी असे बाहेरचे गडी येतात, त्यातल्या एकाचंबी नाव मले सांगता येनार नाई.

पन एक गोष्ट खटकते. तुमचा मेळघाटचा मानूस बिचारा कष्टाचा. निक्की-पाउलो खुनी व्हते. म्हाताऱ्याले जेवनातून विष देल्लं. त्यायच्यासाठी डोये ओले करायचे का? मले तं वाटलं, करनी तशी भरनी.

मृगबहार

दादा, हा प्रश्न बरोबर आहे. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही, भागही म्हणत नाही. लेखकांनी त्यांना एकही सुटकेचं वाक्य दिलेलं नाही.

पण पुरणाऱ्यांना सिडनीतला तो खून कुठे माहीत होता? हिऱ्यांपायी एकमेकांना मारलं असावं, एवढाच हर्ली, चार्ली, सॉयर यांचा शेवटी अंदाज, आणि त्याआधीही त्यांना इतकंच लक्ष मिळालं. तीच दोघं पुण्यवान असती तर काय वेगळं झालं असतं? काहीच नाही. तेवढीच वाळू, तेवढाच वेळ. करणीचा हिशोब किनाऱ्यावर कोणी केलाच नाही.

शिवाय पाउलोचं दुःख मला खोटं वाटत नाही. हिरे सापडूनही तो लपवतो, कारण त्याला ती हवी आहे. तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात तो बेटावरच्या पर्ल नावाच्या भुयारी स्टेशनच्या संडासातून बाहेर येतो, आठवतं? तेव्हा सगळे हसले होते, याचं काय काम म्हणून. एक्स्पोझेत कळतं की तो तिथे लपवलेले हिरे काढत होता. म्हणजे पाच महिने आधी पेरलेली एक गाठ इथे सुटते. आणि त्याच स्टेशनात लपून तो अदर्समधल्या बेन आणि ज्युलिएटचं बोलणं ऐकतो, जॅकला कसं गुंतवायचं ते. किनाऱ्यावर जाऊन सांगितलं असतं तर पुढचं किती टळलं असतं! तो सांगत नाही, कारण तिथे कसा पोचलो ते सांगावं लागलं असतं. झाडावर अडकलेलं ते छोटं विमानही या दोघांना बाकीच्यांच्या आधी दिसतं. बेटाची रहस्यं त्यांच्या पायाखाली होती आणि ती हिऱ्यांच्या पिशवीसाठी त्यावरून चालत गेली. त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही, कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला दोन्ही बाजूंचं वाईट वाटतं.

वडसावाला

आणि आदल्या भागाबद्दल पऱ्हाटीभाऊंची तक्रार. लॉकचा भाग हा कमरेखालून लुळ्या झालेल्या माणसाचा, आणि लगेच पुढच्या भागात दोन माणसं अख्खीच लुळी होतात. लॉक पाउलोला सांगतो की या बेटावर पुरलेलं पुरलेलं राहत नाही. मला तरी हे भाग शेजारी ठेवलेले बरे वाटतात.

धुरा

तो लॉकचा संवाद मी विसरलो होतो. आणि त्यावरून दुसरं आठवलं, जे माझ्याच बोलण्याच्या विरोधात जातं, तरी सांगतो.

सहाव्या सीझनमध्ये, ‘डॉक्टर लायनस’ या भागात, माइल्स बेनला म्हणतो की निक्की आणि पाउलो नावाची दोघं तिकडे पुरली आहेत आणि त्यांच्याबरोबर ऐंशी लाखांचे हिरे आहेत. भागाच्या शेवटी माइल्सच्या हातात हिरा दिसतो. तो भाग मार्च 2010 मधला, म्हणजे पुरल्याला तीन वर्षं झालेली. मालिका आटोपती घेताना मिनिट मिनिट महाग होतं, तरी त्यांनी त्या दोघांची नावं घेतली. दुरुस्ती करून विसरून गेले असते तर हे आलं नसतं. जॅकच्या गोंदणाला असा दुसरा फेरा मिळाला नाही.

म्हणून ‘सोडून द्या’ असं आता मी म्हणणार नाही. पहिल्या दहांत मात्र मी हा भाग धरणार नाही.

मृगबहार

धुरा दादा, दहांत नको, पण तुम्ही जे आठवून दिलंत त्यात एक गोष्ट राहिली. माइल्स म्हणजे ज्याला मेलेल्यांच्या शेवटच्या क्षणाचं ऐकू येतं तो! तो एक्स्पोझे घडला तेव्हा किनाऱ्यावर नव्हताच, पुढच्या सीझनमध्ये आला. तरी त्याला नावं माहीत, हिरे माहीत. त्याला हर्लीने सांगितलं असेल, किंवा त्या वाळूवर उभं राहून त्याने स्वतः ऐकलं असेल. मालिका स्पष्ट करत नाही. मी दुसरं धरते.

पऱ्हाटी

आज रातच्याले लावतो पुन्हा. आमच्या इकडं लाइट साडेनऊले येते.

रातपाळी ताई, खाटांचं चुलत्याले बोल्लो. चार खाटा व्हत्या माळ्यावर पडून, सुंभ तुटलेला. उद्या विनाले देतो.